पुढच्या खोलीचं दार

बाबा, तुमच्या बैठकीच्या खोलीत आता मी बसते. तुमचा दिवाण उचलून मागच्या खोलीत टाकला. मी दहावीला असताना तुम्ही कारंज्याहून एसटीच्या टपावर घालून आणलेलं लोखंडी टेबल खिडकीपाशी घेतलं, पण त्यावर तीन स्क्रीन मावेनात, म्हणून शेजारी एक फळी जोडली. कोपऱ्यात इन्व्हर्टर, आणि पुढच्या भिंतीला भोक पाडून आत घेतलेली इंटरनेटची वायर. एका स्क्रीनवर काम, दुसऱ्यावर मीटिंग. तिसऱ्यावर कंपनीची कुठल्या कुठल्या देशांतली यंत्रं नीट चालताहेत ना, हे दिसत राहतं. एखादं अडखळलं की स्क्रीन लाल होतो आणि मी हातातला चहा सोडून त्याच्यामागे लागते. पगार पुण्याचा, राहणं कामरगावात आईजवळ. लोक म्हणतात, पोरगी नशीबवान.

पुढचं दार मात्र मी दिवसभर लावून ठेवते. तुम्ही होतात तेव्हा ते फक्त रात्री लागायचं. तुम्ही रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला हाका मारून बसवताय, आई चहा टाकून टाकून कावली आहे, आणि मी याच टेबलाशी भूमितीची प्रमेयं पाठ करते आहे. एकदा वैतागून मी दार लोटलं. तुम्ही लगेच उठून उघडलंत. "काहून वं, दिवसा दार लावून राह्यली? लोकायले वाटंल घरात काई झालं." मग समोरच्या पाहुण्याला म्हणालात, "पाहा, हे आमची पोरगी. दिवसभर अभ्यास करते." टेबल तुम्ही मुद्दामच पुढच्या खोलीत ठेवलं होतं, चारचौघांना मी दिसावी म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आईच्या दुपारच्या बायका अजून येतात. पूर्वी तुमच्या दिवाणाशी बसून तूर निवडायच्या. आता मागच्या दारानं येतात आणि मोरीपाशी पत्र्याखाली बसतात. उन्हाळ्यात तो पत्रा काय तापतो, तुम्हाला माहीत आहे. पुढचं दार उघडं राहिलं की रस्त्यावरच्या जीपचे हॉर्न मीटिंगमध्ये ऐकू जातात, असं मी आईला सांगितलं होतं. तिनं ते सगळ्यांना कौतुकानं सांगितलं.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू मागून थेट या खोलीत आल्या. मीटिंग चालू होती. मी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला, थांबा म्हणून. त्या कुठल्या थांबतात! "अवं, तुयी माय तापानं फणफणून राह्यली, अन् तुले पत्ता नाई?"

आई सकाळपासून तुमच्या दिवाणावर पडून होती, या भिंतीच्या पलीकडे. सातासमुद्रापलीकडचं यंत्र दमलं तर मला तत्काळ कळतं, बाबा. मी मीटिंगमध्ये लाइट गेली म्हणून सांगितलं आणि उठले. हाक का मारली नाहीस विचारलं, तर म्हणते, "तू बोलून राह्यली होती ना कोनाशी. मंग कायले?" काकूंकडे वर मान करून बघायची माझी हिंमत झाली नाही.

कारंज्याला दाखवून आणलं, औषधानं ताप उतरला. बरी झाल्यावर पहिल्याच सकाळी मी टेबलाशी बसले, तर तीच पुढे आली, आवाज न करता दार लोटलं आणि कडी घातली. मी "राहू दे" म्हटलं नाही. त्यानंतर रोज तीच लावते.

हॉर्नचं मी खोटं सांगितलं होतं. ते पलीकडे कुणाला ऐकूही जात नाहीत. दार कॅमेऱ्यात माझ्या पाठीमागे येतं, आणि तिथून डोक्यावर पदर घेतलेल्या, हातात सूप धरलेल्या त्या बायका मोठमोठ्यानं बोलत आत येताना माझ्या ऑफिसच्या लोकांना दिसू नयेत, एवढंच होतं. मला त्यांची लाज वाटते, आणि वाटते याचीही वाटते. हे आईला सांगायला हवं. ती आत भाकरी थापते आहे, हाक मारली तर येईल. तिला सोडून तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही आता उठून दार उघडणार नाही.