भाची, भत्ता आणि तिसरी कडी

३ जून
भाची टिल्ली कालपासून आमच्याकडे. दाजी तिच्यावर हात उचलतात अशी तक्रार गेलीय. बालकल्याणवाल्यांची चौकशी संपेपर्यंत ती इथेच. सांभाळणाऱ्या नातेवाइकाला म्हणे दरमहा भत्ता मिळतो. मला पैशाची हाव नाही. माझ्या कुलूप-किल्लीच्या दुकानासाठी ड्रिल मशीनची किंमत सहज विचारून आलो.

५ जून
भत्त्याआधी कुणीतरी घर बघायला येणार, तेही न सांगता. इथेच पाणी मुरतंय. दाजी कुणालाही पाठवतील. संकल्प: अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही. बायको म्हणते, अति करू नका. ती भोळी आहे.

टिल्ली झोपण्याआधी दाराची कडी ओढून बघते. दोनदोनदा. आज तिसरी बसवली, तेव्हा कुठे डोळा लागला पोरीचा. वाईट वाटलं.

९ जून, दुपार
दुकानात एक बाई. काखेत फाइल. किल्ली करायची नव्हती, माझ्याच घराचा पत्ता हवा होता. दाजींचा हेर! ओळख न देता तिला थेट रेल्वे फाटकापलीकडे धाडलं. रणरणत्या उन्हात. घरी सांगितलं, तर बायकोने कपाळावर हात मारला. कौतुकाने असावं.

१६ जून
भत्त्याचा पत्ता नाही. ऑफिसला फोन करून खडसावलं, की तुमची माणसं फिरकत नाहीत. पलीकडून म्हणाले, आमच्या मॅडम फाटकापलीकडे वणवण फिरून आल्या. आता शेवटची खेप. घर सापडलं नाही तर मुलीला बालगृहात हलवू.

लगेच घराचा पत्ता दोनदा सांगून फोन ठेवला. पण मॅडम फाटकापलीकडे कशाला तडमडल्या? या खात्यात सगळा आनंदच आहे.

१८ जून, संध्याकाळी
बेल वाजली. फटीतून पाहिलं. त्याच फाइलवाल्या बाई, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. आत्ता उजेड पडला. तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून धोरणीपणाने बाथरूममध्ये गेलो. तिथलं लॉक मीच बसवलेलं. उत्तम माल. आतून उघडेचना.

बायको बाजारात. टिल्लीनेच तिन्ही कड्या काढल्या, बाईंना बसवलं, पाणी दिलं. मग हेअरपिनने मला सोडवलं. विद्या माझीच. बाईंनी मला लगेच ओळखलं, म्हणाल्या, फाटकवाले ना तुम्ही?

इथे कसं वाटतं, असं त्यांनी टिल्लीला विचारलं. ती म्हणाली, मामा घाबरट आहेत, पण इथे झोप लागते.

मुलगी इथेच राहील. भत्ता बायकोच्या खात्यात. ड्रिल मशीन बारगळलं.

निघताना बाई म्हणाल्या, घरात एक तरी जबाबदार माणूस आहे, आता काळजी नाही. मी नम्रपणे मान लववली. वर पाहिलं, तर त्या टिल्लीशी हात मिळवत होत्या.