स्वस्तातल्या कार्डाची घूं

अण्णा,

दादाच्या मुलीचा काल सर्जापूर रोडवरून फोन आला. "आत्या, गिटार घरीच रेकॉर्ड करायचीय. कॉम्प्युटरला जोडायला स्वस्तातला इंटरफेस कोणता घेऊ?" मी आयुष्य कॉम्प्युटरपुढं काढलं, म्हणून मला विचारलं. मी दोन नावं सांगितली, फोन ठेवला आणि मला स्वतःची किळस आली. स्वस्तातलं काय घ्यावं हे या घरात कुणी मला विचारू नये, गिटारच्या बाबतीत तर मुळीच नाही.

एस. पी. रोडवरचं ते कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान तुम्हांला आठवत असेल. नव्वदचं दशक सरत आलं होतं, घरात पहिला कॉम्प्युटर आला होता, आणि तुम्ही के. आर. पुरमजवळच्या कारखान्यातून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. गणपतीच्या मांडवात, लग्नांत, कारखान्याच्या समारंभांत तुम्ही हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेऊन जन्मभर वाजवलीत आणि एका मिनिटाचीही फीत नव्हती. ती मी करून ठेवणार होते. दुकानदारानं दोन वस्तू पुढं ठेवल्या. एक साधं साउंड कार्ड, मागं माइकचं बारीक भोक. दुसऱ्याबरोबर बाहेर ठेवायची छोटी पेटी, तिच्यात माइक नीट बसत होता. त्यानं दोन्ही लावून दाखवली आणि तुमच्या कानांवर हेडफोन चढवला. साध्या कार्डाची घूं मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होती. "स्वल्प सौंड बरत्ते, अक्का. एनू आगल्ल," तो म्हणाला. म्हणजे थोडा आवाज येतोच, त्यानं काही होत नाही. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही म्हणालात, "सरीऽ."

आपल्या घरात हा कानडी शब्द दोन तऱ्हांनी चालतो. तोडून म्हटला तर 'बरोबर'. लांबवला तर 'असू दे, होऊ दे तुझ्या मनासारखं'. इतक्या पिढ्या इथं राहिल्यावर आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही हा फरक कळतो. पुण्याहून बदली होऊन आलेली माझी ऑफिसातली मैत्रीण फसली असती तर गोष्ट वेगळी. मी फसले नाही, मी सोयीनं बहिरी झाले. पेटी घेतली असती तर मला हवे असलेले मोठे स्पीकर राहिले असते. ते घेतले, आणि पुढं वर्षभर त्यांच्यावर सिनेमाची गाणी ऐकली. आणि वर कुणी विचारलं की सांगायचे, कार्ड अण्णांनीच पसंत केलं. शी.

रविवारची दुपार. तुम्ही जमखान्यावर बसला आहात, स्टीलच्या पेल्यात उभा केलेला माइक समोर, आई दाराशी लसूण सोलते आहे. घूं येते म्हणून मी पंखा बंद करते, मग ट्यूबलाइट, मग दोन-तीनदा वाजवून झाल्यावर आत जाऊन फ्रिज. घूं कार्डाची आहे हे मला ठाऊक आहे, तरी नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी घरभर चोर शोधत फिरते. तुमचा बनियन घामानं पाठीला चिकटला आहे. तुम्ही तुमची ती नाव नसलेली धून वाजवता, आणि वरच्या सुराशी डाव्या हातानं तारांवर सरकवायचा पोलादी बार दर वेळी थोडा अलीकडंच थांबतो. मी म्हणते, "परत. पहिल्यापासून." तुम्ही म्हणता, "सरीऽ." असं कितीदा झालं कोण जाणे. शेवटी मी म्हणाले, "जन्मभर हेच वाजवत होता काय?" तुम्ही बार पुसलात, डबीत ठेवलात आणि आईला म्हणालात, "कॉफी टाक गं." त्यानंतर तुम्ही गिटार मांडीवर घेतली नाहीत. मला वाटलं, रुसलात. रुसू देत, म्हटलं.

काल फोन ठेवल्यावर त्या दुपारच्या रेकॉर्डिंगची सीडी शोधून काढली. हल्ली असली घूं काढायला अक्कल लागत नाही, बटण दाबलं की झालं. घूं निघाली आणि तिच्याखालचं सगळं वर आलं. मी फ्रिज बंद करायला आत गेले तेव्हा रेकॉर्डिंग चालूच होतं. तुम्ही आईला हळूच सांगता, "डावा हात वर येईना बघ. बोटं मेल्यागत झाल्यात. तिला सांगू नको, हौसेनं मांडलंय पोरीनं." आईनं ते स्वतः जाईपर्यंत मला सांगितलं नाही. मग माझी पावलं येतात, आणि माझा खणखणीत आवाज.

हे सगळं खरं तर दादाला लिहायला हवं. त्याला पत्ता आहे, तुम्हांला आता उरला नाही; म्हणूनच त्याला लिहिवत नाही. आज सकाळी त्याला ती धून तेवढी पाठवली. लगेच फोन आला. म्हणाला, "किती स्वच्छ ऐकू येतात गं अण्णा. तू होतीस म्हणून एवढं तरी राहिलं." मी म्हटलं, हो. पाठवण्याआधी तुमचं ते बोलणं मी कापलं होतं, अण्णा, आणि माझंही.