केळीखालचा बेडूक

बुधवार, चोपडा

आज फार थकले. सातपुड्याच्या ओढ्यातला बेडूक इथल्या केळीच्या बागेत राहतो, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ऊन सोसून त्याचा स्वभावच बदलला, असं मी माझ्या प्रबंधात तीन उन्हाळे लिहीत आलेय. दुपारी बागेच्या मालकीण अक्का सहज म्हणाल्या, “बेडूक केळखाले बसस, नि तुम्ही ऊन बांधवर मोजतस?”

मग थर्मामीटर बांधावरून उचलून आत ठेवलं. ठिबकची ओल, पानांची सावली, अगदी ओढ्याइतकाच गारवा. मग बदललं काय? बेडूक तर नाहीच. त्याला इथं ओढाच सापडला.

उद्या धुळ्याला माझ्या मार्गदर्शक सरांना सांगायचंय. थर्मामीटर बांधावर का ठेवलं, हे ते विचारणारच. काय सांगू? आत चिखल होता, सर. बूट खराब होत होते.