मूर्खबाईचं भाषण

८ मार्च, रविवार
काल आमच्या स्टेट कॉलेज गावातल्या मराठी मंडळाच्या होळीत मूर्खबाईचं भाषण केलं. विदूषकाची घुंगरांची टोपी घालून. पीएच.डी.साठी वाचतेय तेच. पाचशे वर्षांपूर्वी युरोपातले विद्वान मूर्खपणाला बाई करून तिच्या तोंडून शहाण्यांची टर उडवायचे आणि कुणी अंगावर आलं की म्हणायचे, मी कुठे, ती मूर्ख बोलली! आपल्या लोकांना आवडेल वाटलं. आवडलंच. "माझे खरे भक्त शहाणेच! व्हिसाच्या खिडकीमागचा साहेब मान वर न करता नाही म्हणतो, आणि हे थँक यू म्हणून घरी येतात." ह्याला सगळ्यात मोठा हशा. हसणारे बहुतेक व्हिसावालेच.

९ मार्च
मंडळाचे अध्यक्ष खानोलकर काका. त्यांनी व्हिडिओ सगळ्या जगाला दिसेल असा टाकलाय. वर माझं पूर्ण नाव, युनिव्हर्सिटी, डिपार्टमेंट, शिवाय 'नागपूरची कन्या'. फोनवर म्हणाले, "अगं, सगळं व्यवस्थित लिहिलंय, काळजीच करू नकोस."
व्यवस्थित लिहिलंय, हीच तर काळजी.

१० मार्च
बाबांची बायपास ठरली. पुढच्या आठवड्यात. आई म्हणाली, "तू ठरव." मागून बाबा, "शहाणी आहे ती, तिला कळतं."
माझ्या व्हिसाचा शिक्का कधीच संपलाय. इथे राहिलं तर चालतं. बाहेर पडलं की मुंबईत नवा घेतल्याशिवाय परत येता येत नाही. आणि हल्ली ते खिडकीमागचे साहेब नेटवरचंही बघतात म्हणे. नाही मिळाला तर प्रबंध अर्धवट, इतकी वर्षं... लिहवत नाही.

११ मार्च
काकांना म्हटलं, काढा तो व्हिडिओ. आधी रुसले. मी कारण सांगितल्यावर आवाजच बदलला. "माझं ग्रीन कार्ड अडकलंय गं. कुणी विचारलं तर तू काय बोलणार ते मंडळाला आधी माहीत नव्हतं म्हणशील ना?" बिचारे. माझ्यापेक्षा जास्त घाबरले.
संध्याकाळी व्हिडिओ गेला. पण तोवर हर्नडन, आयसेलिन, कुठल्या कुठल्या गावांतल्या मराठी लोकांत पोचलेला. आयसेलिनच्या कुणा मावशींचा मेसेज: हसून हसून पुरेवाट झाली, अजून पाठव! मी मेसेज पुसून टाकला.

१३ मार्च
गाइडबाईंकडे गेले. विचारलं, ते विद्वान शिक्षेतून वाचले कसे? म्हणाल्या, सगळे नाही वाचले. जे वाचले त्यांच्या पाठीशी एखादा राजा नाहीतर बिशप होता. माझ्या पाठीशी कोण, हा विषय दोघींनीही काढला नाही.

१४ मार्च
तिकीट काढलं. आता भीती कमी होईल वाटलं होतं. कसली कमी होतेय.
रूममेट सायली म्हणाली, चल, इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस करू. माझीच टोपी घालून ओट्यामागे उभी राहिली, साहेब झाली. मान हलली की घुंगरं वाजायची, मला हसू आवरेना. तिने फोनवर व्हिडिओ लावून समोर धरला. "इज धिस यू?"
"नो."
इतक्या पटकन! ठरवलंही नव्हतं.
सायलीने टोपी काढून ठेवली. "यार, चेहरा तर तुझाच आहे." मी कुठे, ती मूर्ख बोलली. ह्याच युक्तीवर प्रबंधाची अर्धी पानं खर्ची घातलीत मी. किती हुशार, किती खट्याळ, वगैरे. म्हणणाऱ्याचे हातपाय असे गार पडत असतील, हे कुठेच लिहिलेलं नाही.

१५ मार्च, रविवार
बसस्टॉपवर. नेवार्क एअरपोर्टची बस यायचीय. टोपी बॅगेत टाकली होती, काढली, परत टाकली, शेवटी ओट्यावर ठेवून आले. एअरपोर्टवर कुणी बॅग उघडली तर?
आत्ता बाबांचा फोन. ॲडमिट झालेत. व्हिडिओ तिथेही पोचलाय! अख्ख्या वॉर्डला दाखवत सुटलेत. "डॉक्टर पण हसले ना! विचारत होते, ही खरंच तुमची मुलगी? म्हटलं, माझीच! येतेच आहे, टोपीसकट भेटवतो."
त्यांनाही कुणीतरी व्हिडिओ बघूनच विचारलं होतं.
टोपीसकट येते, म्हटलं. रडू लपवायला खोकले.
सायलीला फोन लावला. टोपी घेऊन ये, पळत ये.
"वेडी आहेस का? नीट विचार कर यार."
"ये गं."
भीती गेलेली नाही. बस वळणावर दिसतेय. सायली अजून नाही.