शुक्रवारचे जर्मन पाहुणे

दोहा, कतार

प्रिय अक्षू,

फोनवर तू हसून विषय बदलतेस, आणि व्हॉइस मेसेज पाठवला तर तो आई आधी ऐकते. म्हणून माझ्या खोलीतला दौलत सुट्टीवर परळला येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि एक पार्सल देतोय. नववीत शाळा सोडल्यापासून एवढं पहिल्यांदाच लिहितोय. चुका काढत बसू नकोस, वाच.

तुझ्या कॉलेजचा व्हिडिओ बघितला. मागे बॅनर, ‘अभियांत्रिकी शिक्षणासाठी भारत-जर्मनी सहकार्य’. अक्षरं एवढाली मोठी की खालची माणसं बारकी दिसतात. आता सहकार्य काय झालं, तर जर्मनांना फेटे बांधले, ढोल बडवला, आणि तू नऊवारी नेसून त्यांना ओवाळलंस. आपल्या घरात कधी निरांजन नव्हतं गं. ते धरायला तू इंजिनिअरिंगला जाऊन शिकलीस. पुढे पाहुण्यांनी वडे खाल्ले, शाली घेतल्या, कागदावर सह्या केल्या. झालं शिक्षण सुधारून.

मग कॅमेरा तुझ्या मासळी वाळवायच्या मशीनवर गेला. त्या मशीनपायी तू वर्षभर वरळी कोळीवाड्यात खेपा घातल्यास. बोंबलाचा वास जाईपर्यंत आई तुला उंबऱ्याबाहेर उभी करायची. वेल्डिंग करताना हात भाजलास, तो डाग हिरव्या बांगड्यांच्या आडून दिसत होता. आणि मशीनजवळ कोण, तर तुझ्या वर्गातला स्वप्नील. जर्मन बाई काहीतरी विचारतेय, हा नंदीबैलासारखा मान हलवतोय. सरकवायचं झाकण ओढत होता, येडा. ते सरकवतात एवढं तर तुझी बडबड ऐकून मलाही कळलंय.

तुझे राजेश सर म्हणे बोलले, पोरगी दाराशी असली की कॉलेजला शोभा येते. शोभेला कुंडी ठेवा की. पाणी घातलं की झालं, तिला मशीन बनवायची हौसही नसते.

आईला मी सुपरवायझर सांगितलंय. मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. फेटा घालून हॉटेलच्या दाराशी उभा राहतो, वाकून नमस्ते करतो. लोक माझ्यासोबत फोटो काढतात आणि मग विचारतात, संडास कुठे? इतक्या दिवसांत दुसरं काही कोणी विचारलेलं नाही. दाराशी उभ्या माणसाला तेवढंच विचारतात. पण मला त्याचा पगार मिळतो. तू फी भरून उभी राहतेस.

आणि आता शुक्रवारी तेच जर्मन परत येणार. या वेळी त्यांच्या वर्कशॉपमध्ये सहा महिने न्यायला पोरं निवडणार. तर तू मला लिहितेस काय, दादा, तुझ्या हॉटेलातला तयार फेटा पाठव, सरांनी पुन्हा स्वागताला ठेवलंय, नाही म्हटलं तर मार्क कापतील. कापू दे. ओवाळायची एवढी हौस असेल तर ताट सरांनी धरावं, नऊवारीही नेसावी. तू मशीनजवळ उभी राहा. पार्सलात फेटा नाही. वेल्डरचे जाड हातमोजे आहेत, तुझ्या मापाचे. शुक्रवारी सकाळीच चढव. ते घातले की ताट धरता येत नाही. मी इथे करून बघितलंय, हॉटेलचे दोन ट्रे पाडले.

जय भीम.

तुझाच,
सम्यकदादा