भूत काढून टाकलेला सिनेमा

थेबेक, १४ नोव्हेंबर

प्रिय ग्योंग-ए ताई,

तब्येत बरी आहे असं धरून चालतो. बुसानला थंडी कमी, तरी गुडघे जप. इथे किमचीचा कोबी खारवून झाला. बायकोने मीठ सढळ हाताने घातलंय, पण बोलायची सोय नाही.

आपल्या बंद खाणीत सिनेमावाले आले होते. मी जुना खाणकामगार, म्हणून वाट दाखवायला मला ठेवलं. दिग्दर्शिका पांगबाई तिशीच्या, रबरी भूत घेऊन आलेल्या. म्हटलं, "बाई, हे खाली नेलंत तर उंदीरसुद्धा हसतील."

"मग आजोबा, तुम्हीच सांगा ना, खाली भीती कशाची वाटते?"

"आजोबा नका म्हणू, दात शाबूत आहेत माझे."

छत नाकाशी येतं तिथे मी त्यांना आडवं व्हायला लावलं आणि दिवा मालवला. "आता वरच्यांचा विचार करा. ते तुम्हाला अजून शोधतायत की थांबले, हे तुम्हाला कळणार नाही." दहा मिनिटांनी बाई रडतच बाहेर आल्या. भूत काढून टाकलं त्यांनी.

आता सिनेमात फक्त अडकलेला माणूस आहे आणि वर त्याचं घर. काल आम्हाला दाखवला. दारात त्याचे बूट होते, आपल्याकडे ठेवतात तसे, तोंडं घराच्या आत, म्हणजे खाणीत गेलेला माणूस सुखरूप घरी येतो. ते मीच बाईंना सांगितलं होतं. पडद्यावर बूट दिसले आणि मी उठून बाहेर गेलो.

ताई, त्या दिवशी बाबांचे घरचे बूट मी फिरवले होते. खाणीतली पाळी संपवून ते तुझ्या शाळेच्या समारंभाला येणार होते. मी बूट पुसले आणि त्यांना पटकन पाय घालता यावेत म्हणून तोंडं बाहेर करून ठेवले. आठ वर्षांचा होतो. मग खाणीवरचा अपघाताचा भोंगा वाजला. बूट लावायचं काम रोज तुझं, म्हणून आईने तुलाच धरलं. "तूच खाल्लंस बापाला!" तू माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलीस. सोळाव्या वर्षी घरही सोडलंस.

बुटांनी खाण कोसळत नाही, हे तीस वर्षं खाली काम करून मला कळतं. आईला कळत नव्हतं. मागच्या महिन्यात ती गेली तेव्हा मी उशाशी होतो, तरी खरं काय ते बोललो नाही. तुला फोन केला, तू नुसतं "बरं" म्हणालीस.

एकोणतीसला तिच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी, आत्म्याला निरोप द्यायचा. तू ये म्हणायला मला तोंड नाही. तू आलीस किंवा नाही आलीस, तरी सगळ्यांसमोर मी हे सांगणार आहे.

तुझ्याही वाट्याची आई एकट्याने घेतलेला,
तुझा भाऊ
गी-तेक