अर्धी खूण

४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

लाँड्रीत इस्त्री करताना तुला भोवळ आली, तू टेबल धरून कशीबशी उभी राहिलीस, हे बाबांच्या पत्रातून कळलं. मला मात्र तू ‘जरा दमले’ एवढंच लिहिलंस. रक्त फार कमी आहे, महिन्याभरात वाढलं नाही तर इस्त्रीचं काम सोडावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना?

मग ऐक. आरोग्य केंद्रात मी बायकांना रोज हेच सांगते: धान्य, डाळी-अंडी, भाज्या, फळं, दूध, या पाचांतलं थोडं थोडं रोज पोटात गेलं पाहिजे. नुसत्या भाताने पोट भरतं, अंगात बळ येत नाही. सोबत पाच रकान्यांचा तक्ता आहे. जे खाशील त्यासमोर खूण कर. घरातली पहिली पदवीधर सांगते आहे, एवढा तरी मान ठेव.

तुझी,
काळजीने अर्धी झालेली लेक

१३ मार्च

चि. मास्तरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

तक्ता भरून पाठवते. एकही रकाना रिकामा नाही, बघून घे. तुझे बाबा म्हणतात, घराची शाळा झाली. फळं बघून तुझा भाऊ विचारत होता, कोण आजारी आहे. मी ठणठणीत आहे. तू वेळेवर जेवतेस ना?

तुझी आई

२० मार्च

ती. आईस सा. न.

तुझा तक्ता मी मोठ्या कौतुकाने केंद्राच्या भिंतीवर लावला होता. शिवणकाम करणाऱ्या एक बाई त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग हसून म्हणाल्या, हा खाल्लेल्याचा तक्ता नाही, घरच्यांना वाढलेल्याचा आहे. माझाही अस्साच भरेल. मला त्यांचा रागच आला. घरी आले तर बाबांचं पत्र: परवा पुन्हा तपासलं, रक्त आणखी उतरलंय.

तक्ता काढून ठेवला. तुला खूप बोलणार होते. त्याआधी म्हटलं, आपलाही एक भरून पाहू. तो सोबत आहे. आठवड्यात फळ एकदाही नाही. दूध चहात असेल तेवढंच. तीन दुपारी नुसती बिस्किटं. दुसऱ्यांच्या ताटात डोकावता डोकावता स्वतःचं विसरायचं, हे मी कुणाकडून उचललं ते तुला ठाऊक आहे. आता दोघीही खरं लिहू. पंधरा दिवसच उरलेत, आई.

तुझी वेडी

२९ मार्च

चि. वेडाबाईस आशीर्वाद.

तुझा तक्ता पुन्हा पुन्हा वाचला. खोटं लिहायचं माझ्या मनात नव्हतं गं. तुम्ही जेवलात की मी जेवले, असंच इतकी वर्षं धरत आले.

आता स्वयंपाक झाला की माझं ताट आधी वाढून झाकून ठेवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी फार लाज वाटली. बाबांनी विचारलं, पाहुणे कोण येणार आहेत? मी म्हटलं, मीच. तेव्हापासून माझं ताट बाबाच वाढतात. डाळ जास्त वाढतात, पण मी बोलत नाही. परवा तपासलं, रक्त किंचित वर सरकलंय. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक महिना दिला आहे.

नवा तक्ता सोबत आहे. बरेच रकाने रिकामे आहेत, रागावू नकोस. शुक्रवारी अंड्यासमोर अर्धीच खूण दिसेल. तुझा भाऊ ताटाकडे बघत होता, मला राहवलं नाही. पण अर्धं मी खाल्लं.

तुझ्या फळांच्या रकान्याची वाट बघते आहे,
आई